डाव्या हाताचं कापड

सोमवारी सकाळी दवाखान्यात आले तर माझी आई भिंतीवर बसलेली. पाय लांब केलेले, मांडीवर माग, केसांचा सैल अंबाडा, आणि तोंड अर्धवट उघडं, बोलता बोलता आता हसणार अशी. माझ्या हातात सकाळच्या नैवेद्याच्या पानाच्या टोपल्या होत्या, त्या घेऊन मी तशीच उभी राहिले. उदबत्तीची राख पायावर पडली तेव्हा भान आलं. ग्दे, आमचा झाडूवाला, शिडीवरून उतरत म्हणाला, "तिरकं लागलंय का हो, म्बोक?" इथे देनपासारमध्ये माझ्याहून लहान सगळे मला म्बोकच म्हणतात, ताई म्हणावं तसं. मी म्हटलं, नाही रे, सरळ आहे. तो म्हणाला, मग अशा काय बघताय भूत बघितल्यासारख्या? मी म्हटलं, तुझं आवर तू, जिन्यावर पाणी सांडलंयस ते पूस आधी. आणि गेले टोपल्या मांडायला, एक दारात, एक पैशाच्या खणाजवळ, एक दात काढायच्या खुर्चीच्या मागे. हात आपले काम करत होते. छातीत मात्र असं काहीतरी हललं होतं की ते जागेवर बसायला आठवडा गेला.

चित्र डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या बायकोनं, आणलेलं. समुद्राकडचं कुठलंसं जुनं हॉटेल बंद पडलं, त्याचं सामान विकायला काढलं होतं, त्यात त्यांना हे मिळालं. वाट बघत बसलेल्या पेशंटांना जरा बरं वाटेल म्हणाल्या. चांगलं हातभर उंच आणि दोन हात रुंद, गडद हिरवं आणि तपकिरी, आमच्याकडच्या जुन्या पद्धतीनं पान न् पान काढलेलं. चौथऱ्यावर तीन बायका. डावीकडे माझी काकू, सुद्री, चाकावर सूत भरतेय. उजवीकडे जरा मागे दादोंग, म्हणजे माझी आजी, बापाची आई, मांडीवर सुताची लड घेऊन. आणि मध्ये मेमे. आम्ही आईला मेमे म्हणतो. खाली कोपऱ्यात सही, वाचता न येणारी, आणि साल चौऱ्याऐंशी. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. चित्रात मी नाही. एक कोंबडा आहे, एक आडवं पडलेलं कुत्रं आहे, मी नाही.

दहा वाजता ओका आली. ओका म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालची मुलगी, शहरात जन्मलेली, पण तिची आजी विणायची म्हणून तिला वाटतं आपल्याला सगळं कळतं. चित्रासमोर उभी राहून, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई! ह्या चित्रकारानं जन्मात माग बघितलेला नाही. ही मधली बघा, ठोकायची पट्टी डावीकडून घालतेय. डाव्या हातानं!" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, म्हणूनच स्वस्तात मिळालं असेल. दाढ सुजलेला एक म्हातारा गालावर रुमाल धरून म्हणाला, "चुकलंय खरं. असं कोण विणतं?" मग दिवसभर तेच. जो तो येऊन बसे, वर बघे आणि चित्रकाराची अक्कल काढे. मी खिडकीमागे बसून नावं लिहून घेत होते. चुकलेलं नाही, ती माझी आई आहे, आणि ती अशीच विणायची, एवढी तीन वाक्यं. जिभेवर आली आणि मी ती गिळली. गिळायची सवय मला जुनी आहे, आणि ती कुठल्या दिवशी लागली तेही मला माहीत आहे.

तो चित्रकार मला धूसर आठवतो. उबुदकडचा होता, गावातल्या शाळामास्तरांच्या घरी महिनाभर राहिला, दात पुढे आलेले, कॉफीत चार चमचे साखर. बायका त्याला चिडवायच्या. काकू म्हणायची, आमचं नाक नीट काढ हो, नाहीतर नवरे ओळखायचे नाहीत. मेमे कुणाला चिडवणारी नव्हती, पण मागावर बसली की तिला बोलायला आवडे. आमच्याकडचा माग म्हणजे बाईच्या कमरेला बांधलेलाच असतो. पाठीमागे लाकडाचा पट्टा, पुढे खांबाला टेकवलेली फळी, आणि मधला सगळा ताणा आपल्या कंबरेनं ताणून धरायचा. जरा पुढे वाकलं की सूत सैल, मागे रेललं की घट्ट. धोटा इकडून तिकडे, मग ती लांब लाकडी पट्टी घालायची आणि दोनदा ठोकायचं, चग् चग्. सगळ्या बायका पट्टी उजवीकडून घालतात. मेमे डावीकडून. जेवायला उजवा, द्यायला-घ्यायला उजवा, देवापुढे उजवा, तिथे ती कधी चुकली नाही. फक्त मागावर तिचा डावा हात आपोआप पुढे यायचा. मी शाळेतून आले की तिच्या लांब केलेल्या पायांशी लवंडायचे. ती ठोकायची तसा तिच्या अंगातून एक हलका धक्का माझ्या पाठीत येई, आणि मला झोप लागायची. आयुष्यात नंतर तशी झोप लागली नाही, दोन बाळंतपणांनंतरही नाही.

त्या वर्षी देवळाच्या उत्सवाला देवाच्या आसनाला गुंडाळायचं पिवळं कापड विणायची पाळी आमच्या घराची होती. ते कापड सलग गोल विणतात, कुठेही कात्री लावायची नाही, आणि देवळासाठीचं म्हणून ते उजव्या हातानं ठोकलेलं हवं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आहे ते आहे. मेमेनं दोन महिने घेतले. मी कधी कापड इतकं सारखं विणलेलं बघितलं नव्हतं, हात फिरवला तर पाण्यावरून फिरल्यासारखा. उत्सवाच्या चार दिवस आधी ते पुजाऱ्याच्या घरी पोचवायचं होतं, आणि नेमकी मेमेला पाळी आली होती, म्हणून तिला जाता येईना. दादोंगनं कापड डोक्यावर घेतलं, मला नवं नेसवलं आणि बरोबर घेतलं. पुजारी, आम्ही त्यांना मांकू म्हणायचो, ओट्यावर बसले होते. देवळाचे तिघे कारभारीही होते. कॉफी चालली होती. मांकूंनी कापड उलगडलं, उजेडाकडे धरलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "वा! काय हात आहे. कुणी विणलं हे?" दादोंग म्हणाली, सुनेनं. आणि मी, नव्या कपड्यातली, तेल लावून चापून वेणी घातलेली, मला राहवेना, मी म्हटलं, "आणि तेसुद्धा डाव्या हातानं!"

फुशारकीनं म्हटलं हो. मला वाटलं, आता तर ते आणखीनच वा म्हणतील. उजव्या हातानं काय, कुणीही विणेल! पण कारभारी आपापल्या पेल्यात बघायला लागले. एकानं उगीचच फुंकर मारली, कॉफी तर केव्हाची निवली होती. मांकूंनी कापड हळूहळू घडी केलं, त्याच घड्यांवर, आणि दादोंगच्या पुढे सरकवलं. परत येताना दादोंगनं माझं मनगट धरलं होतं, घट्ट नाही, नुसतं धरलेलं. घरी आल्यावर तिनं कापड चौथऱ्यावर ठेवलं. मेमेनं ते बघितलं, दादोंगकडे बघितलं, मग उचलून आत नेलं. त्या वर्षी देवाला बाजारचं कापड गुंडाळलं. आणि दहा-बारा दिवसांत मेमेनं माग सोडला, काठ्या एकत्र बांधून वर आढ्याला लावून टाकल्या. त्यानंतर ती कधीही विणायला बसली नाही. बाजारात तळलेली केळी विकली, डुकरं पाळली, भाताच्या लावणीला गेली. कुणी विचारलं तर म्हणायची, कंबर धरते. छत्तीस वर्षांची बाई, कंबर धरते!

मी तिला कधी सांगितलं नाही की ते मी बोलले होते. आधी भीतीनं, मग लाजेनं, आणि मग इतकी वर्षं झाली की सांगायला तोंडच उरलं नाही. ती सकाळच्या नैवेद्यासाठी पानं कापत बसलेली असायची, उजव्या हातानं, आणि मला तिचा डावा हात मांडीवर नुसता पडलेला दिसायचा. तो बघवायचा नाही. मी लवकर लग्न करून देनपासारला आले त्याला लोक प्रेम म्हणाले. प्रेम होतंच, दर्मा चांगला माणूस आहे. पण त्या घरातून निघायचीही मला घाई होती, हे मी त्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

तर हे सगळं आता माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं, रोज आठ तास. मंगळवारी मी दोनदा पेशंटांची नावं चुकीची हाकारली. बुधवारी डॉक्टर म्हणाले, तब्येत बरी नसेल तर घरी जा. मी म्हटलं, बरी आहे. पेशंट नसले की मी खुर्ची वळवून बघत बसायचे. एकदा जवळ जाऊन मेमेच्या हाताला बोट लावलं, रंगाचा खरखरीत थर लागला. तिच्या हसण्याकडे बघायचे. हे हसणं मी तिच्या पायांना पाठ लावून ऐकलेलं असणार, पण बघितल्याचं आठवत नव्हतं, कारण मी तेव्हा डोळे मिटून पडलेली असायचे. आणि गुरुवारी दुपारी, रूट कॅनलवाली बाई आत गेल्यावर, माझं लक्ष पहिल्यांदा दादोंगकडे नीट गेलं. इतके दिवस ती नुसती मागे बसलेली होती. आता दिसलं की ती मांडीवरच्या सुताकडे बघतच नाहीये. ती मेमेच्या हाताकडे बघतेय. त्या डाव्या हाताकडे. आणि तिच्या चेहऱ्यावर राग नाही की नवल नाही, रोजचं काहीतरी बघावं तसं बघतेय. काकूही बघतेय. चौथरा उघडा, भरदिवसा, समोर परका चित्रकार. अगं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! मी उठूनच उभी राहिले. लपवलेलं असं काही नव्हतंच. मग मी काय उघड केलं? मग कापड परत आलं ते दुसऱ्याच कशामुळे असेल. सुताचा रंग, मोजमाप, घरातला एखादा सुतक-विटाळ, भावकीतलं भांडण, काहीही. एकोणचाळीस वर्षं मी ज्याच्याखाली दबून राहिले ते माझं नव्हतंच कदाचित. मला एवढंच हवं होतं. माझ्यामुळे नाही, असं कुणीतरी म्हणावं, आणि ते मेमेनं म्हणावं. पन्नाशीच्या बाईला असं वाटावं, हसूच येईल कुणाला. मला रडू येत होतं, आणि समोर मोबाइल हातात घेऊन एक माणूस विचारत होता की अक्कलदाढ काढायला किती वेळ लागतो.

रविवारी मी मोबाइलवर काढलेला चित्राचा फोटो घेऊन स्कूटरनं गावी गेले. दर्मा म्हणाला, मी येतो की. मी म्हटलं, नको, तू कोंबड्यांचं बघ. दीड तासाची वाट. क्लुंगकुंगच्या पुढे रस्ता चढायला लागतो आणि भाताच्या पायऱ्या सुरू होतात. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. कशी सुरुवात करायची, कुठे थांबायचं. वळणावर एका ट्रकवाल्यानं शिवी दिली तीसुद्धा मला उशिरा कळली.

घर आता ब्लीचं, माझ्या थोरल्या भावाचं. लग्न होऊन गेलेली मुलगी तिथे पाहुणीच. वहिनी मला बघून दारातच म्हणाली, "लुह आल्या! सणाशिवाय? काही वाईट नाही ना?" मी म्हटलं, तुझी मिरचीची चटणी आठवली म्हणून आले. ती म्हणाली, "तर तर! शहरात जीभ गुळगुळीत झाली असेल, सोसणार आहे का?" मेमे स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून लसूण सोलत होती. पंचाहत्तर पूर्ण, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, पण कान तिखट. मला बघून म्हणाली, "बारीक झालीस." ती मला कायम बारीकच झालीस म्हणते, मी चांगली पासष्ट किलोची आहे. मी तिच्याजवळ बसले. लसूण घेतला, सोलायला लागले. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. शेवटी मोबाइलच पुढे केला.

तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. बोट लागून चित्र सरकलं, मी परत आणून दिलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "सुद्रीचं नाक काही नीट काढलं नाही त्यानं." आणि हसायला लागली, तोंडावर हात न धरता, दोनच दात उरलेल्या तोंडानं. वहिनी आतून ओरडली, काय झालं? "काही नाही गं, मी तरुण होते ते दाखवतेय ही."

मी म्हटलं, "मेमे, दवाखान्यात सगळे म्हणतात चित्रकार चुकला. हात डावा काढला म्हणून."

"म्हणू दे."

"दादोंगला माहीत होतं?"

"कशाचं?"

"तू डाव्या हातानं विणतेस ते."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मी परत अकरा वर्षांची झाले. "वेडी का काय तू? सोळा वर्षं एका चौथऱ्यावर बसलो आम्ही. तिनंच मला सांगितलं होतं, तुझ्या हाताला येतं तसं वीण, कापड चांगलं झालं म्हणजे झालं. आख्ख्या आळीला माहीत होतं. मांकू तर रोज सकाळी आमच्या दारात बसून कॉफी प्यायचे. ते काय आंधळे होते?"

सुटका म्हणतात ती हीच असेल असं मला वाटलं. मी घाईघाईनं म्हटलं, "मग ते कापड का परत आलं?"

"बोललं गेलं म्हणून." तिनं लसणाचं साल फुंकलं. "माहीत असतं गं सगळ्यांना. कुणाची सून कशी, कुणाचा नैवेद्य विकतचा. पण जोवर कुणी बोलत नाही तोवर ते चालतं. मांकूंच्या पुढ्यात, तीन कारभारी बसलेले असताना शब्द पडला की मग त्यांनाही ऐकू आलं असंच धरावं लागतं. काय करतील बिचारे? घेतलं असतं तर उद्या गावात कुणी आजारी पडलं तरी ह्या कापडावर आलं असतं. घडी करून परत दिलं, कुणाला काही बोलले नाहीत, तेच खूप केलं त्यांनी. आणि तुझ्या दादोंगनं ते कापड पेटीत नीट ठेवून दिलं, मरताना स्वतःच्या अंगावर मागून घेतलं. देवाला नाही तर मला द्या म्हणाली."

दादोंगला आम्ही अग्नी दिला तेव्हा मी तिथे होते. पिवळं काहीतरी बघितल्याचं आठवलं. सुटका वगैरे सगळं एव्हाना गेलंच होतं. म्हणजे माझ्यामुळेच. इतकी वर्षं वाटत होतं त्याहून जास्तच माझ्यामुळे, कारण बाकी सगळं गाव ते झाकून धरत होतं आणि एकटी मी बोलले. मी लसूण खाली ठेवला. हात चिकट झाले होते, ते कपड्याला पुसले. आणि शेवटी म्हटलं, "मेमे, ते मी बोलले होते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. दादोंगनं सांगितलं. म्हणाली, पोरीला ओरडू नको, पोरगी आईचं कौतुक करायला गेली." आणि तिनं पुढचा लसूण घेतला.

मला एकदम रागच आला. कुणाचा ते कळेना. मी म्हटलं, "मग विणायचं का सोडलंस? बाजाराचं विणलं असतंस की! बाजारवाले कुठे हात बघतात? कंबर धरते म्हणे! चाळीस वर्षं मला वाटतंय..."

मेमे थांबली. हातातली पाकळी तशीच. मग सावकाश, जुनं काही आठवून सांगावं तसं सांगायला लागली. "तुझ्यामुळे सोडलं, लुह. पण तू समजतेस तसं नाही. दुसऱ्या दिवशी मी मागावर बसले. पहिल्यांदा ठोकलं तर तू भाताचं पान टाकून पळालीस, मागच्या केळीत जाऊन ओकलीस. मला वाटलं, काही बाधलं असेल. तिसऱ्या दिवशी परत तेच. मी पट्टी हातात घेतली की तुझं तोंड पांढरं व्हायचं. आठ दिवसांत हाडं दिसायला लागली तुझी. बाल्यानकडे नेलं, त्यानं पाणी मंतरून दिलं, काही उपयोग नाही. म्हटलं, मरू दे ते कापड, पोरगी तरी खाईल. माग वर टाकला. त्याच संध्याकाळी तू दोनदा भात घेतलास." ती जरा हसली. "म्हटलं, चार दिवस ठेवू. विसरेल मग."

चुलीवरचा धूर आमच्याकडे वळला, आणि तिनं हातानं तो माझ्या तोंडावरून बाजूला सारला. मला सगळं दिसत होतं, तो दोनदा घेतलेला भात, त्यावरचा मासा, मेमे माझ्याकडे बघत बसलेली. मला ते आठवत होतं. मला वाटलं होतं, ती माझ्यावर डोळा ठेवून आहे, तिला कळलंय, म्हणून अशी बघतेय. मी मान खाली घालून भराभर गिळलं होतं, उठता यावं म्हणून. दुसऱ्यांदा घेतलं तेही ती बघतेय म्हणूनच. म्हणजे मी घाबरून खात होते, आणि ती समोर बसून म्हणत होती, बरं झालं बाई, पोरगी खाते.

"चार दिवस," मी म्हटलं. "मेमे, चार दिवस?"

"रोज बघत होते. तू माझ्या हाताकडे बघायचीस आणि मान वळवायचीस. म्हटलं, अजून नाही. मग तू लग्न करून गेलीस. मग वाटलं, सणाला येते तेव्हा तरी घरात बरं वाटू दे तिला." तिनं खांदे उडवले. "मग सवयच मोडली."

मी रडत होते, आता लपवायचं काय. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत आत गेली. मी म्हटलं, "मला एकदा विचारायचं होतंस गं. एकदा."

"तू तरी कुठे सांगितलंस?" मेमे म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि आतल्या कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "हिला भात वाढा, बारीक झालीय."